चिंधीपासून गच्चीवरच्या वाफ्यापर्यंत

घरातली जुनी वस्तू फेकून देण्याआधी तिचं आणखी काय करता येईल, हा विचार मराठी घरांना कुणी शिकवावा लागला नाही. पण गेल्या साठ वर्षांत घरातलं टाकाऊच बदलत गेलं. आधी चिंध्या आणि पत्रा होता, मग प्लॅस्टिक आलं आणि आता शहरांपुढचा मोठा प्रश्न ओल्या कचऱ्याचा आहे. दर वेळी घरांनी आपापल्या परीनं उपाय काढले. त्यातले काही पिढ्यान्‌पिढ्या टिकले, काही प्रदर्शनाच्या टेबलापुरतेच राहिले. टिकलेले का टिकले, हे नीट पाहिलं तर आज घरी काही करू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

कापड, पत्रा, कागद

साठच्या दशकात घरातल्या कापडाला ठरलेले टप्पे होते. लुगडं विरलं की त्यातला धडका भाग लहान मुलांच्या दुपट्यांना जायचा. उरलेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची. सांगली-कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात. खाली-वर दोन लुगडी, पोटात जुनी धोतरं, सदरे, फाटक्या चादरी. सगळं जमिनीवर ताणून पसरायचं आणि कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. टाके जवळजवळ पडले तर आतलं कापड गोळा होत नाही, म्हणून दोन-तीन बायका एकत्र बसत. ही गोधडी वर्षानुवर्षं वापरून जीर्ण झाली की नव्या गोधडीच्या पोटात जायची. त्याहून विरलेलं कापड पोतेरं व्हायचं. जरीचं काही असलं तर ते बोहारणीपुढे ठेवून, घासाघीस करून भांडं घेतलं जायचं.

या साखळीला पहिला धक्का टेरिलीन आणि नायलॉननं दिला. हे कापड विरत नाही, घाम शोषत नाही आणि गोधडीच्या पोटात एका जागी ठरत नाही. सुती कापड जसं शेवटपर्यंत कामाला लावता येत होतं, तसं हे लावता येईना. वस्तू टिकाऊ झाली, पण तिचा पुढचा उपयोग खुंटला. पुढे प्लॅस्टिकच्या बाबतीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडायचं होतं.

पत्र्याचंही तसंच. रॉकेलचा अठरा लिटरचा चौकोनी डबा रिकामा झाला की त्याला कडी लावून पाण्याचा डबा करत, तिरका कापून सुपली करत, झाकण बसवून त्यात धान्य ठेवत. गळायला लागला की डाख लावून घेत आणि डाखही धरेनासा झाला की त्यात माती भरत. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडाचा पिवळा डबा तर चाळीच्या गॅलरीतली ठरलेली कुंडी होता. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांची तुळस, ओवा आणि कोरफड या डब्यांत वाढली.

याच पत्र्यातून भुशाची शेगडी झाली. डब्याच्या तळाजवळ बाजूला एक भोक पाडायचं. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची आणि भोकातून एक दांडका बाटलीला टेकेल असा आत सारायचा. मग लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा चारही बाजूंनी ठासून भरायचा. भुसा घट्ट बसला की आधी दांडका आणि मग बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची. भुशात वाऱ्याला आत यायला आणि वर जायला वाट तयार होते. खालच्या भोकातून पेटवलं की वारा तिथून शिरतो आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. एकदा भरलेल्या शेगडीवर अंघोळीचं पाणी तापे, डाळही शिजे. ज्याला कुणी विकत घेत नव्हतं, त्या भुशाचं हे इंधन होतं. मात्र त्याचा धूर बायकांच्या छातीत आणि डोळ्यांत जात होता. घरात गॅस आल्यावर ही शेगडी गेली, ते योग्यच झालं. जुन्या काटकसरीचं कौतुक करताना ती कुणाच्या अंगमेहनतीवर आणि प्रकृतीवर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

रद्दीचा एक उपयोग मात्र आजही करून पाहावा असा आहे. कागदाचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवायचे, बरोबर भिजवलेल्या मेथ्या घालायच्या आणि दोन्ही एकत्र वाटून लगदा करायचा. मेथीनं लगद्याला चिकटपणा येतो आणि तिच्या कडूपणानं कीड दूर राहते. विणीतून सुटायला लागलेल्या सुपाला किंवा दुरडीला हा लगदा आतून-बाहेरून लिंपून कडकडीत उन्हात वाळवला की ती पुढची अनेक वर्षं कामाला येते.

शाळेच्या प्रदर्शनातलं टिकाऊ

हातानं काम करत शिकण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. पुढे १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. त्यातून शाळांमध्ये ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा उपक्रम घरोघरच्या मुलांना ठाऊक झाला. हेतू उत्तम होता. पण हळूहळू वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्या सजावटीला गुण मिळू लागले. रिकाम्या बाटलीला नवा रंग, नवी लेस, नवे मणी लागू लागले आणि एका टाकाऊ वस्तूपायी चार नव्या वस्तू विकत आल्या. प्रदर्शन संपल्यावर बाटली पुन्हा कचऱ्यात, या वेळी रंग आणि गोंद लागलेली. त्यामुळे भंगारवाल्यालाही ती नकोशी.

याच काळात अरविंद गुप्ता यांनी दुसरी वाट दाखवली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्यांनी मुलांना भूमितीच्या आकृत्या करायला शिकवलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अशी असंख्य खेळणी रचली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत सजावट जवळजवळ नसते. वस्तू काय करते, याकडेच सारं लक्ष असतं.

प्लॅस्टिकशी झुंज

सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्लॅस्टिक घरात आलं तेव्हा त्याचं अप्रूप होतं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवत. त्यांत रोपं करत, पापड ठेवत. पण पिशव्यांचा ओघ घरच्या उपयोगांना आवरणारा नव्हता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या मुंबईत पिशव्यांनी बुजलेल्या नाल्यांचा विषय ऐरणीवर आला. २००६ मध्ये राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ ला त्याहून व्यापक बंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. तेव्हा घराघरांत जुन्या साड्या, पडदे, जीन्स यांच्या पिशव्या शिवल्या गेल्या. बचत गटांना कामं मिळाली. जुनं सुती कापड पुन्हा उपयोगाला आलं, हा त्या बंदीचा चांगला परिणाम.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे टांगते बगीचे मात्र जपून करावेत. पातळ बाटली उन्हानं ठिसूळ होते, तिचे तुकडे पडतात आणि ते मातीत मिसळले की वेचता येत नाहीत. त्यापेक्षा रंगाची जाड बादली, दुधाचा क्रेट, फुटक्या काठाचा माठ बरा. माठ वाफ्यात गळ्यापर्यंत पुरला आणि वर झाकण ठेवलं तर त्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर उन्हाळ्यातही आसपासची रोपं तग धरतात. टायरात कुंडी करायची असेल तर आधी तळाला भोकं पाडावीत. तिथं साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. कीटकनाशकाचा किंवा रसायनांचा डबा भाजीसाठी कधीच घेऊ नये.

गच्ची आणि ओला कचरा

बागेच्या बाबतीत गेल्या काही दशकांतला महत्त्वाचा बदल कुंडीत झाला नाही, तो कुंडीत काय भरायचं यात झाला. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना स्वतः मोजून, नोंदी ठेवून प्रयोग करायला शिकवलं. पालापाचोळा हे धन आहे, हा त्यांचा आग्रह शहरातल्या बागप्रेमींनीही उचलला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीगृहातली चिपाडं गच्चीवर आणली. पिशव्या आणि कापलेल्या पिंपांत चिपाडं भरून, वर थोडीशी माती घालून त्यांनी भाज्या घेतल्या. चिपाडं फुकट मिळतात, वजनाला हलकी असल्यानं गच्चीवर भार टाकत नाहीत आणि कुजून खत होतात. २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर भाजी आणि फळझाडं वाढवली.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. तेव्हा ही पद्धत सोसायट्यांपर्यंत पोचली. कोविडच्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या अनेकांनी तिची पहिली बादली भरली.

ती बादली अशी. वीस लिटरच्या रंगाच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडायची. तळाला नारळाच्या शेंड्या. रोजचा भाजीचा कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर त्याच्या दुप्पट वाळका पाला. एखाद्या मुठीएवढी जुनी माती किंवा थोडं आंबट ताक विरजणाचं काम करतं. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. वास आला तर ओल जास्त झाली, वाळका पाला वाढवायचा. मुंग्या आल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडायचं. दीड-दोन महिन्यांत चहाच्या चोथ्यासारखं काळपट, मोकळं खत तयार होतं. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

जे टिकलं ते

साठ वर्षांत टिकलेल्या उपायांत दोन गोष्टी समान दिसतात. प्रत्येकानं काही विकत घेणं वाचवलं आणि प्रत्येकाचा पुढचा टप्पा ठरलेला होता. गोधडीनं रजई वाचवली आणि जीर्ण झाल्यावर ती दुसऱ्या गोधडीत गेली. गळका डबा कुंडी झाला. कचऱ्याच्या बादलीनं खताची पिशवी वाचवली, त्या खतावर मेथी आली आणि मेथीच्या देठांनी पुढची बादली भरली. रंगवलेल्या बाटलीत यातलं काहीच नव्हतं.

म्हणून घरात काही करायला घेताना हे दोनच प्रश्न विचारावेत: यानं काय विकत घ्यायचं वाचेल आणि हे मोडल्यावर कुठे जाईल? दोन्हीला उत्तर असेल तर वस्तू ओबडधोबड असली तरी करावी. कुठून सुरुवात करावी असं विचाराल, तर ओल्या कचऱ्याच्या बादलीपासून. तिला खर्च नाही, जागा खिडकीएवढी पुरते आणि कचरागाडीत जाणाऱ्या आपल्या पिशवीचं वजन पहिल्याच आठवड्यात कमी झालेलं हाताला कळतं.