जुना हात आणि वाळलेलं लाकूड

परवा पुतणी घरी आली होती. तिच्या मोबाइलवरचा एक विनोद मला काही केल्या कळेना, तेव्हा ती हसत म्हणाली, "काका, तुम्ही ना अगदी बूमर आहात!"

शब्दाचा अर्थ तिनंच सांगितला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची लाट आली. १९४६ ते १९६४ या काळात जन्मले ते 'बेबी बूमर'. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत हवामानबदलावर बोलताना पंचवीस वर्षांच्या क्लोई स्वॉरब्रिक यांनी मध्येच बोलणाऱ्या एका वयस्क सदस्याला 'ओके बूमर' एवढंच सुनावलं आणि तो शब्द जगभर गाजला. माझा त्या लाटेशी संबंध फक्त जन्मसालापुरता. तरी शिक्का बसलाच!

म्हाताऱ्यांसाठी इंग्रजीत अशा शब्दांची चंगळच आहे. म्हातारा 'गीझर' म्हणजे आपल्या न्हाणीघरातला नव्हे. तो आला आइसलंडच्या उष्ण झऱ्यावरून. हा आला सोंग घेऊन फिरणाऱ्या 'गायझर'वरून. वय झालेल्याला 'लाँग इन द टूथ' म्हणतात, कारण घोड्याचं वय वाढलं की हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसू लागतात. मुरलेला खलाशी 'ओल्ड सॉल्ट', म्हणजे समुद्राचं मीठ अंगात भिनलेला. आणि कोणत्याही कामात मुरलेला माणूस तो 'ओल्ड हँड', जुना हात.

आमच्या बँकेत या शेवटच्या शब्दाला फार मान होता. मी मॅनेजर असलेल्या एका शाखेत सर्वांत जुने क्लार्क होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. एका सहामाहीला सेव्हिंग्जचं लेजर जुळेना. फरक ६३० रुपयांचा. रात्रीचे अकरा वाजले, चहाचे तीन फेरे झाले. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, फरकाला नवानं भाग जातोय. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत." अर्ध्या तासात त्यांनी ती नोंद काढून दिली. ७,८१० च्या जागी ७,१८० पडले होते. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शनला आलेले अधिकारी मला म्हणाले, "तुमच्याकडे ओल्ड हँड आहे, सांभाळा."

मी सांभाळलं नाही.

शाखेत संगणक आले. लेजर जुळवण्याचं काम यंत्र करू लागलं. अण्णा पडद्यासमोर अवघडून बसत आणि एकेक बटण शोधत. मग २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षं झालेल्याला अर्ज करता येत होता. देशभरात लाखाच्या आसपास लोक त्यातून बाहेर पडले. वरच्या कार्यालयानं आमच्याकडून कर्मचाऱ्यांविषयी गोपनीय टिपणं मागवली होती. अण्णांच्या नावापुढे मी दोन शब्द लिहिले : 'डेड वूड'. वाळलेलं लाकूड. त्या दिवसांत बैठकांमधून हा शब्द सर्रास कानावर पडे. मीही लिहून मोकळा झालो.

अण्णांनी अर्ज केला. माझ्या टिपणामुळे की मुलीच्या लग्नासाठी, ते मी कधी विचारलं नाही. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देताना मी भाषण केलं. त्यात त्यांना 'व्हेटरन' म्हटलं. माणूस तोच, आणि दोन्ही शब्दही माझेच. बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

दोष एकट्या इंग्रजीचा नाही. आपला 'म्हातारा' मूळचा संस्कृत 'महत्तर', म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रतिष्ठितांना महत्तर म्हटलेलं आढळतं. तोच शब्द झिजत झिजत आमच्यापर्यंत आला तेव्हा त्यातला मोठेपणा गळून गेला आणि उरलं ते नुसतं वय. लॅटिनमध्येही हेच झालं. वृद्धासाठीच्या एकाच शब्दापासून 'सिनेट' निघाली आणि 'सिनाइल'ही. एकीकडे राज्य चालवणारी सभा, दुसरीकडे बुद्धी चळलेला माणूस. वय एकच असतं. आपल्याला त्या माणसाची गरज किती, यावर शब्द ठरतो. लेजर जुळत नव्हतं तोवर अण्णा जुना हात होते. यंत्र आलं आणि त्यांचं लाकूड झालं.

अण्णा आता हयात नाहीत. ते टिपणही केव्हाच रद्दीत गेलं असेल. पुतणीचा मला राग आला नाही, तो एवढ्याचसाठी. तिनं तिचा शब्द माझ्या तोंडावर, हसत उच्चारला. मी माझा पाकिटात घालून, वर 'गोपनीय' असा शिक्का मारून पाठवला होता.