मिलला लागू पडलेलं औषध

१८२६च्या शरदात, वयाच्या विसाव्या वर्षी, जॉन स्टुअर्ट मिलचं मन एकाएकी विझलं. वडिलांनी तिसऱ्या वर्षीच ग्रीक शिकवायला घेतलेला हा बुद्धिमान मुलगा लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहीत असे. काम चालू होतं, पण कशातच गोडी उरली नव्हती. त्याने बायरन वाचून पाहिला. बायरनचं दुखणंही त्याच्याचसारखं, त्यातून उतारा कसा मिळावा? १८२८ साली त्याने वर्डस्वर्थ हाती घेतला, आणि या कविता मनाला औषधासारख्या लागू पडल्या.

का, ते मिलने आत्मचरित्रात फार नेमकं सांगितलं आहे. डोंगरांची ओढ त्याला आधीपासून होती. चौदाव्या वर्षी त्याने पिरेनीज पाहिला होता. पण नुसतं निसर्गवर्णन हवं असेल तर स्कॉट सरस, आणि एखादा साधासुधा देखावा कुठल्याही कवीहून सरस. वर्डस्वर्थने त्याला देखावा दिला नाही. देखावा पाहताना माणसाच्या आत जे हलतं, ते दिलं.

वर्डस्वर्थच्या डॅफोडिलच्या कवितेतही हेच घडतं. १५ एप्रिल १८०२ रोजी तो बहीण डोरोथीबरोबर अल्सवॉटर तळ्याकाठून चालला होता. सोसाट्याचा वारा होता. दगडांवर थकून मान टेकलेली फुलंसुद्धा डोरोथीने रोजनिशीत टिपली. कविता छापून आली ती १८०७ साली. तीत बहीण नाही, कवी एकटाच आहे. आणि खरा दिलासा तळ्याकाठी नाही, तर पुढे कधीतरी घरात उदास पडलेला असताना, आठवणीतून येतो. फुलं पाहताना आपल्याला काय मिळालं, हे त्याला तेव्हा कळलंच नव्हतं.

तळ्याकाठच्या त्या फेरीच्या अकराच दिवस आधी, ४ एप्रिलला, त्याच डोंगराळ मुलखात त्याचा मित्र कोलरिज आपल्या खिन्नतेवरची कविता लिहीत होता. ती मला डॅफोडिलइतकीच मोलाची वाटते. चंद्र, चांदण्या, ढग सगळं त्याला दिसतं, सुंदर आहे हेही कळतं, पण आत काही उमटत नाही. आनंद आपल्यातूनच निसर्गात जातो, आपणच आटलो तर निसर्ग काय देणार, असं त्याचं म्हणणं. तिचा पहिला खर्डा म्हणजे सारा हचिन्सनला लिहिलेलं पद्यपत्र. सारावर त्याचं प्रेम होतं. आपल्याला न लाभलेला आनंद तिला तरी लाभो, असं मागून तो थांबतो.