यिफ्ताहची मुलगी आणि आपला मानपान



तम्मूज महिन्याच्या सुमारास, म्हणजे जून-जुलैत, शाब्बाथला 'हुक्कात' हा पाराशा येतो. त्याची हफ्तारा शोफ्तीम पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली. यिफ्ताह नावाच्या शूर माणसाची ती गोष्ट. अध्यायात वचनं आहेत ४०, पण हफ्तारा ३३व्या वचनाला संपते. यिफ्ताह लढाई जिंकतो, आपण तोरा उचलून ठेवतो आणि किद्दूशला जाऊन बसतो.

आमचा दिमोनातला आठ-दहा म्हाताऱ्या माणसांचा गट आहे. किद्दूशनंतर आम्ही नातवंडांना घेऊन तासभर बसतो. त्यांना मराठी कळतं तेवढं मराठीत, नाही कळत तिथे हिब्रूत, पाराशाची गोष्ट सांगतो. एका वर्षी अशीच यिफ्ताहची गोष्ट सांगून झाली, तर बारा वर्षांची होऊ घातलेली एक नात शाळेचं तनाख उघडून म्हणाली, "सावता, तुम्ही अर्ध्यातच थांबलात. पुढे सात ओळी आहेत. त्याच्या मुलीचं काय झालं ते सांगा ना."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्या सात वचनांत काय आहे हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तर आम्ही थांबलो होतो! पण पोरीने पुस्तकच उघडलेलं. मग सांगणं भाग पडलं.

बालमित्रांनो, तुम्हीही ऐका. यिफ्ताह गिलाद प्रांतातला. दुसऱ्या बाईच्या पोटचा म्हणून सावत्र भावांनी त्याला घरातून हाकललं. तो तोव नावाच्या मुलुखात जाऊन राहिला. पुढे अम्मोनी लोक चालून आले, तेव्हा गिलादच्या वडीलधाऱ्यांना त्याची आठवण झाली. ते गेले, त्याला परत आणलं, आपला मुख्य केलं. लढाईला निघताना यिफ्ताह नवस बोलला, की मी सुखरूप परत आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं मला सामोरं येईल ते देवाचं, त्याचा होम करीन. तो जिंकून मिस्पाला घरी आला. दारातून डफ वाजवत, नाचत कोण आलं? त्याची मुलगी, त्याचं एकुलतं एक लेकरू.

त्याने कपडे फाडले. पण बोललेला शब्द फिरवता येत नाही म्हणाला. मुलीने दोन महिने मागून घेतले. मैत्रिणींबरोबर ती डोंगरात गेली, आपल्या न झालेल्या संसारासाठी रडली आणि परत आली. मग बापाने नवस फेडला. पुढे इस्राएलच्या मुली दर वर्षी चार दिवस तिची आठवण करत. तनाखमध्ये तिचं नावसुद्धा दिलेलं नाही.

खोलीत सगळे गप्प झाले. मग नातीने विचारलं, "यित्झाकच्या वेळी देवाने दूत पाठवून थांबवलं. मग इथे का नाही?"

खरं सांगतो, आमच्यापैकी कुणालाही लगेच उत्तर देता आलं नाही. लहानपणी आम्ही शास्त्रातल्या गोष्टी कीर्तनातून ऐकत वाढलो, पण हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही. पुढच्या शाब्बाथपर्यंत मुदत मागून घेतली आणि आठवडाभर पुस्तकं काढून बसलो.

काही पंडित म्हणतात, की मुलगी मेलीच नाही. रब्बी दाविद किम्ही (११६० ते १२३५) यांच्या मते तिला एका घरात वेगळं ठेवलं गेलं आणि ती जन्मभर एकटी राहिली. रामबान म्हणजे मोशे बेन नहमान (११९४ ते १२७०) यांना हे अजिबात पटलं नाही. जे लिहिलंय तेच झालं, आणि यिफ्ताह चुकला, असं ते म्हणाले. आम्हालाही गोड शेवट हवा होता, कुणाला नको? पण नातीपुढे तो करून सांगायला जीभ रेटेना.

तालमूदमध्ये तानीथ भागात, चौथ्या पानावर, दोन गोष्टी सापडल्या. पहिली ही, की यिफ्ताहचं मागणंच चुकीचं होतं. दारातून कुत्रं आलं असतं तर? ते काय देवाला वाहणार होता? दुसरी जास्त महत्त्वाची. असा बळी आपण कधी मागितला नाही, असं देव यिर्मियाहू नबीच्या तोंडून सांगतो. आपले रब्बी म्हणतात, की त्यात यिफ्ताहच्या मुलीचाही उल्लेख आहे. म्हणजे देवाने मागितलंच नव्हतं!

आपण बेने इस्राएल एलियाहू हन्नाबीला नवस बोलतो आणि मलिदा करून फेडतो. पोहे, गूळ, खोबरं, फळं; सगळ्यांनी मिळून खायची. नवस फेडायचा तो असा, आपल्या ताटातलं देऊन. दुसऱ्याचा जीव पणाला लावून नव्हे.

पण नातीचा प्रश्न उरलाच होता. थांबवलं का नाही? याचं उत्तर बेरेशीथ रब्बा या मिद्राशमध्ये मिळालं. त्या काळी पिनहास कोहेन हयात होते, असं तिथे सांगितलंय. असला नवस सोडवण्याचा अधिकार त्यांना होता. पण पिनहास म्हणाले, गरज त्याला आहे, मी मोठा कोहेन, मी का जाऊ? आणि यिफ्ताह म्हणाला, मी इस्राएलचा मुख्य, मी का जाऊ? दोघांच्या मानपानात पोरीचा जीव गेला. दोघांनाही शिक्षा झाली. यिफ्ताहचं शरीर गळत गेलं, पिनहासवरचा देवाचा आत्मा निघून गेला.

दोन महिने होते, वाचकहो! साठ दिवस! दूत पाठवायची गरजच काय होती? माणसं होती, रस्ता होता, वेळ होता. गिलादच्या ज्या वडीलधाऱ्यांनी लढाईसाठी तोवपर्यंत पायपीट केली, त्यांच्यापैकीही कुणी पोरीसाठी पिनहासकडे गेल्याचं लिहिलेलं नाही.

पुढचा बारावा अध्याय वाचा, तिथेही तेच. एफ्राईमचे लोक रुसले, आम्हाला लढाईला का बोलावलं नाही? लग्नाचं आमंत्रण चुकलं की आपल्याकडे होतं तसंच! त्यातून भाऊबंदकीचं युद्ध पेटलं. यार्देनच्या उतारावर माणसं अडवून 'शिब्बोलेथ' म्हणायला लावलं. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' आलं तो मारला गेला. एफ्राईमचे ४२,००० मेले. इथे आलो तेव्हा आमच्या हिब्रू उच्चारांना लोक हसत, ते आम्हाला आठवलं. एका अक्षरावरून माणूस परका ठरतो म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पुढच्या शाब्बाथला आम्ही नातीला म्हणालो, "देवाने थांबवायला माणसं ठेवली होती. ती उठली नाहीत." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे दोष मोठ्यांचा." आम्ही म्हटलं, होय बाई, मोठ्यांचाच.

हे ऐकून आमच्यातले एक आजोबा अस्वस्थ झाले. मुंबईची खोली विकली, तिच्या पैशांवरून त्यांचं आणि सख्ख्या भावाचं फाटलं होतं. "तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," अशी शपथ त्यांनी घेतली होती. भाऊ अश्दोदला, हे दिमोनात. बस बदलून दोन-तीन तासांत पोचता येतं, पण तीस वर्षांत कुणी गेलं नाही. नातवंडं एकमेकांना ओळखतही नाहीत.

रोश हशानाच्या आधी आपण शपथा सोडवून घेतो. तिघांनी बेथ दीन म्हणून बसायचं आणि चौथ्याने उभं राहायचं. त्या वर्षी ते आजोबा आमच्यापुढे उभे राहिले आणि आपली शपथ त्यांनी मोठ्याने सांगितली. अशा वेळी 'पेतह' म्हणजे दार शोधतात. हे असं होईल हे ठाऊक असतं तर शपथ घेतली असती का, असं विचारतात. आम्हीही विचारलं, "नातवंडं परकी होतील हे ठाऊक असतं तर?" ते म्हणाले, "नसती घेतली." आम्ही तिघांनी तीनदा म्हटलं, सुटली.

यिफ्ताह या नावाचा अर्थही 'तो उघडतो' असाच आहे. बिचाऱ्याने तोंड उघडलं, पण दार उघडायचं राहून गेलं.

आजोबा अश्दोदला गेले. खोलीच्या पैशांचा हिशेब अजून जुळलेला नाही. दोघांना आकडा वेगवेगळा आठवतो. पण सुकोथला दोन्हीकडची नातवंडं एका सुक्कात बसून जेवली.

आमच्या वयाच्या मंडळींना एकच विनंती. 'मी का जाऊ?' हा प्रश्न मनात आला, की ती सात वचनं काढून वाचा. आणि बालमित्रांनो, आम्ही गोष्ट अर्ध्यात थांबवली, तर पुस्तक उघडून पुढचं विचारत चला. आम्हाला राग येणार नाही. आला, तरी विचारा.