वक्र मेरुदंडाच्या शस्त्रकर्मानंतरचा पृष्ठशूल : अभ्यंगाचे स्थान आणि मर्यादा

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक वेगळा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. वय बहुधा पंधरा ते तीस, पाठीवर मानेच्या खालपासून कमरेपर्यंत गेलेला उभा वण, आणि हातात क्ष-किरण चित्रांचे पाकीट. हा रुग्ण मेरुदंडाच्या वक्रतेसाठी, म्हणजे स्कोलिओसिससाठी, शस्त्रकर्म करून घेतलेला असतो. शल्यचिकित्सकांनी ‘सर्व काही उत्तम आहे’ असे सांगितलेले असते आणि तरीही पाठ दुखत असते. ‘वैद्यराज, मालीश केलेली चालेल का?’ हा त्याचा प्रश्न ठरलेला.

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे योग्य नाही. सरसकट नकार दिल्यास एका निरुपद्रवी व सुखकर उपचाराला रुग्ण मुकतो. सरसकट होकार दिल्यास क्वचित प्रसंगी गंभीर इजा होऊ शकते. म्हणून या विषयाची शास्त्रीय मांडणी वैद्यबंधू व औषधालय चालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

शस्त्रकर्मात नेमके काय घडते?

स्कोलिओसिसमध्ये कणा केवळ बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. म्हणूनच वाकल्यावर एका बाजूच्या फासळ्या वर उचललेल्या दिसतात. वक्रतेचे मोजमाप जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेल्या कोनपद्धतीने करतात. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात, आणि साधारणतः ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रकर्माचा विचार होतो. चरकाचार्यांनी ८० वातविकारांत कुब्जत्वाची गणना केली आहे. तथापि कुब्जत्व म्हणजेच स्कोलिओसिस असे समीकरण मांडण्याची घाई आम्ही करणार नाही.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली आपली धातुदंडाची पद्धत प्रसिद्ध केली. तिने वक्रता कमी होई, परंतु कमरेची स्वाभाविक खोलगट बाकही अनेकदा सपाट होई. अशा रुग्णांना पुढे उभे राहताना धड पुढे झुकण्याचा व कटिशूलाचा त्रास होतो. आज बहुधा मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवून दोन दंड जोडतात. त्यासाठी पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला सारावे लागतात. मग मणक्यांवर अस्थिकण पसरतात, आणि त्या भागातील मणके परस्परांशी जुळून एकसंध अस्थी होते. हे अस्थिसंधान पक्के होण्यास सामान्यतः ६ ते १२ महिने लागतात. धातूचे दंड तोवर आधार देतात. कायमचे बळ जुळलेल्या अस्थीचे असते. ही एक गोष्ट ध्यानी ठेवली की अभ्यंगाचे पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

शूलाचा प्रकार ओळखणे

‘पाठ दुखते’ या दोन शब्दांखाली निरनिराळे शूल दडलेले असतात.

पहिला स्नायुगत. सोडवलेले स्नायू भरून येताना ताठरतात. नव्या ठेवणीशी जुळवून घेताना मान, खांदे व अंसफलकाभोवतीचे स्नायू थकतात. संध्याकाळी वाढणारा, विश्रांतीने व उबेने कमी होणारा हा शूल अभ्यंगाला उत्तम प्रतिसाद देतो.

दुसरा त्वचा व नाडीगत. वणाच्या आजूबाजूस बधिरता, मुंग्या, दाह किंवा वस्त्राचा स्पर्शही न सोसणे ही लक्षणे असतात. येथे जोराचे मर्दन उलट त्रास वाढवते.

तिसरा जुळलेल्या भागाच्या खालचा. वरचे मणके हलत नाहीत, म्हणून खालचे कटिमणके व श्रोणिसंधी यांवर भार वाढतो. शस्त्रकर्मास बरीच वर्षे लोटलेल्या रुग्णांत हा विशेष आढळतो. अभ्यंगाने येथे तात्पुरता आराम पडतो; व्यायामाची जोड अत्यावश्यक असते.

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. अस्थिसंधान न झाल्याने, दंड तुटल्याने, स्क्रू सैल झाल्याने किंवा जंतुसंसर्गाने होणारा हा शूल होय. जंतुसंसर्ग शस्त्रकर्मानंतर काही वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. हा शूल अभ्यंगाचा विषयच नव्हे.

म्हणून पुढीलपैकी काहीही आढळल्यास तेलाचे पात्र बाजूला ठेवून रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे : ज्वर, वणातून स्राव, वणाभोवती लाली वा सूज, काही महिने बरे वाटल्यावर नव्याने उद्भवलेला शूल, पाठीत ‘कट’ असा आवाज होऊन सुरू झालेली वेदना, पायात नव्याने आलेली दुर्बलता वा बधिरता, मलमूत्रावरील नियंत्रणात बिघाड, एकाच पोटरीस सूज व वेदना. शेवटच्या लक्षणात शिरेमध्ये रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो आणि तेथे मर्दन करणे जिवावर बेतू शकते.

आमच्याकडे आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचे उदाहरण येथे देतो. शस्त्रकर्मास चौदा महिने झाले होते. मधले आठ-नऊ महिने ती सुखात होती. मग कमरेच्या वर एका जागी शूल सुरू झाला. एका मालीश केंद्रात तिने चार वेळा पाठ दाबून घेतली; दर वेळी दोन दिवस बरे वाटे आणि शूल परत येई. ‘मधे बरे होते’ हे तिचे शब्द आम्हांस महत्त्वाचे वाटले. आम्ही अभ्यंग न करता तिला शल्यचिकित्सकांकडे पाठविले. क्ष-किरण चित्रात एक दंड तुटलेला आढळला, खालच्या बाजूस अस्थी जुळलीच नव्हती. दुसऱ्या शस्त्रकर्मानंतर आठ महिन्यांनी, त्यांच्या लेखी संमतीने, तिच्यावर मृदू अभ्यंग सुरू केला. दोन महिन्यांत तिची झोप सुधारली आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज क्वचितच उरली. अभ्यंग तोच होता, फरक काळाचा होता.

काळ : वाग्भटांचा संकेत

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मविधी सांगताना वाग्भटाचार्यांनी व्रण भरून आल्यावरही, त्यास स्थैर्य येईपर्यंत, व्यायामादी गोष्टी वर्ज्य सांगितल्या असून हा नियम सहा ते सात महिने आदराने पाळावा असे म्हटले आहे. त्यांच्यासमोर धातूचे दंड नव्हते हे खरे. परंतु ‘त्वचा मिटली म्हणजे व्रण बरा झाला असे नव्हे’ हे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

त्यानुसार आम्ही तीन टप्पे पाळतो. पहिले सहा आठवडे पाठीस हात लावायचा नाही. वाग्भटांनी अभ्यंग विशेषेकरून शिर, कान व पाय या ठिकाणी करावा असे सांगितले आहे. पोटरीस सूज नसल्यास, या काळात हलका शिरोभ्यंग व पादाभ्यंग करता येतो. वेदनेने निद्रानाश झालेल्या रुग्णास त्याने मोठे सुख लाभते. सहा आठवड्यांनंतर व्रण पूर्ण भरला असल्यास व शल्यचिकित्सकांची अनुज्ञा असल्यास मान, खांदे व हातांस मृदू अभ्यंग आणि वणावर बोटाने हलके तेल फिरवणे सुरू करावे. अस्थिसंधान पक्के झाल्याचे क्ष-किरण चित्रात दिसल्यावरच पाठीच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा अभ्यंग हाती घ्यावा.

विधी

सुश्रुताचार्यांनी पृष्ठभागी १४ मर्मे सांगितली आहेत. शस्त्रकर्म झालेल्या पाठीत त्यांच्या जोडीला धातूही आहे. कृश रुग्णांत स्क्रूचे उंचवटे त्वचेखाली हाताला लागतात. कण्याच्या मध्यरेषेवर व या उंचवट्यांवर दाब देऊ नये. हात कण्याच्या बाजूने, तळव्याच्या संथ व सम स्पर्शाने चालवावा. पाठ तुडवणे, कंबर ‘मोडणे’, धड पिळणे, झटका देणे या क्रिया सर्वथा वर्ज्य समजाव्यात. जुळवलेले मणके ‘मोकळे’ करणे हे आपले काम नव्हे. ते जुळावेत म्हणूनच सारा खटाटोप झालेला असतो.

रुग्णास कुशीवर निजवून दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. उठवताना धड न पिळता ओंडका वळवावा तसे सबंध शरीर एकदम कुशीवर आणावे आणि पाय खाली सोडून बसवावे. द्रोणी उंच असल्यास पायरी ठेवावी. अभ्यंगानंतर तळपाय नीट पुसल्याखेरीज रुग्णास फरशीवर उभे करू नये. तेलकट पायाने घसरून पडणे हा अशा रुग्णाच्या बाबतीत अभ्यंगाहूनही मोठा धोका आहे.

स्वेदनाविषयी विशेष सावधता हवी. वणाभोवतीची त्वचा बधिर असल्याने तेल वा पोटली अति उष्ण झाल्याचे रुग्णास कळत नाही आणि पोळते. प्रथम कापसाच्या स्पर्शाने बधिर भाग आखून घ्यावा, उष्णतेची परीक्षा स्वतःच्या मनगटावर करावी आणि बधिर भागी कटिबस्ती वा पोटली टाळावी. धातू असलेल्या जागी अग्निकर्म, विद्धकर्म व रक्तमोक्षण करू नये. त्वचेस पडलेल्या छिद्रातून जंतू आत शिरण्याचा धोका पत्करण्याजोगा नाही. विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारी शॉर्टवेव्ह डायथर्मीही येथे निषिद्ध आहे.

रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास मर्दन अधिकच हलके असावे. नाडीशूलासाठी दिलेल्या आधुनिक गोळ्या आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद करू नयेत. प्रत्येक भेटीत वेदनेचा ० ते १० अंक, झोपेचे तास व घेतलेल्या गोळ्यांची संख्या लिहून ठेवावी. सहा बैठकींत यांत फरक न दिसल्यास पुन्हा निदानाकडे वळावे.

अभ्यंगाकडून किती अपेक्षा ठेवावी? कॉक्रेन संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरील मर्दनाच्या २५ चाचण्यांचा आढावा घेतला. अल्पकाळ वेदना कमी होते, परंतु पुरावा दुबळा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून वेदना थोडी सुसह्य होईल, झोप लागेल, हालचालीची भीती कमी होईल, इतकेच आश्वासन द्यावे. यातील शेवटचा लाभ लहान नाही. अमेरिकेच्या गोल्फपटू स्टेसी लुईस यांनी साडेसात वर्षे पट्टा वापरला, २००३ साली त्यांच्या कण्यात एक दंड व पाच स्क्रू बसवले गेले आणि २०१३ साली त्या जगात प्रथम क्रमांकावर पोहोचल्या. आपल्या पाठीला काचेचे भांडे समजणाऱ्या तरुण रुग्णास हे अवश्य सांगावे.

औषधालय चालकांसाठी

अशा रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा थेट दुकानातच येतात. तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : शस्त्रकर्म कधी झाले? व्रण पूर्ण भरला आहे काय? दुखणे नव्याने सुरू झाले आहे काय? उत्तर संशयास्पद वाटल्यास बाटली न देता वैद्याकडे पाठवावे. विषगर्भ तैलात वत्सनाभ, धत्तूर यांसारखी विषद्रव्ये असतात. ते अर्धवट भरलेल्या व्रणाजवळ लावण्यास कदापि देऊ नये. कापूर व पुदिनासत्त्व असलेली तीक्ष्ण मलमे बधिर त्वचेसाठी देऊ नयेत. बला तैल, महानारायण तैल वा साधे तिळतेल पुरेसे होते. तेही प्रथम हातावर थोडे लावून एक दिवस पाहावे. ‘याने कणा सरळ होतो’ असे वाक्य काउंटरवर कोणी उच्चारू नये.

जे जाणीवपूर्वक स्थिर केले आहे त्यास हलवू नये, आणि जे हलते आहे व त्यामुळे थकते आहे त्यास स्नेह द्यावा, हे या चिकित्सेचे सूत्र म्हणता येईल. शल्यचिकित्सकाशी पत्राने वा दूरध्वनीने संपर्क साधण्यात वैद्याचा कमीपणा नाही. आपल्या चिकित्सालयातील अशा रुग्णांची टिपणे वैद्यबंधूंनी नीट जपावीत व संघटनेच्या सभांतून मांडावीत, ही नम्र विनंती.