‘प्रयोग कुठे आहे?’ असं फोनला विचारलं, तर

संपादकांनी सांगितलं होतं, नाटकांच्या संकेतस्थळांवर लिही. त्यांच्या मनात तिकीटविक्री होती. मी मात्र अडकलो तो पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या एका मजकुरात. प्रयोगाच्या पानाच्या पोटात जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा हा मजकूर असतो आणि पान वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पण कणीक मळता मळता कोणी फोनला विचारतं, ‘शनिवारी शिवाजी मंदिरला कुठलं नाटक आहे?’, तेव्हा कानावर येणारं उत्तर पुष्कळदा याच ओळींवर उभं असतं.

टाइप करून शोधणाऱ्याला दुव्यांची यादी मिळते. एक चुकला तर तो मागे येतो, दुसरा उघडतो. बोलून विचारणाऱ्याला बहुधा एकच उत्तर ऐकवलं जातं. ते चुकीचं असेल तर माणूस पोराबाळांसह भलत्या नाट्यगृहाच्या दारात जाऊन उभा राहतो. आवाजी शोधासाठी संकेतस्थळ तयार करणं म्हणजे पहिल्या क्रमांकावर येण्याची शर्यत, असं पुष्कळ जण सांगतात. नाटकापुरतं तरी मला ते पटत नाही. इथे पहिला प्रश्न खरेपणाचा आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. जून २०११मध्ये गूगल, बिंग आणि याहू या एकमेकांच्या स्पर्धकांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाची सामाईक शब्दावली जाहीर केली. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले आर. व्ही. गुहा हे तिच्या मूळ शिल्पकारांपैकी एक. पानावरचा कुठला मजकूर तारीख आहे, कुठला पत्ता, कुठलं कलाकाराचं नाव, हे यंत्राला स्पष्ट सांगण्याची ही रीत. तीत कार्यक्रमासाठी ‘इव्हेंट’ हा प्रकार आहे आणि त्याच्या पोटात नाट्यप्रयोगासाठी वेगळा प्रकारही आहे. मराठीत बोलून शोधण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१७मध्ये दिली. २०१८मध्ये गूगलचा असिस्टंटही मराठी बोलू लागला.

आता याच शब्दावलीत लिहिलेल्या त्या ओळींकडे वळू. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेळेच्या रकान्यात. जाहिरातीत आपण ‘शनि. रात्रौ ८.३०’ एवढंच लिहितो आणि मराठी प्रेक्षकाला ते पुरतं. यंत्राला पूर्ण तारीख लागते, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ लागते आणि शेवटी भारतीय वेळेची खूण, +०५:३०, लागते. ही शेवटची खूणच नेमकी चुकते. संकेतस्थळ बनवण्याची काही साधनं मुळातच ग्रिनिच वेळ धरून चालतात. तिथे ‘२०:३०’ भरून पुढे शून्य फरक राहिला, तर शनिवारी रात्री साडेआठचा प्रयोग यंत्राच्या लेखी रविवारी पहाटे दोनला सुरू होतो. पानावर साडेआठच छापलेलं असतं, त्यामुळे निर्मात्याला चूक कधी दिसतच नाही. वेळ ठरलेली नसेल तर नुसती तारीख द्यावी, मध्यरात्रीचे शून्य आकडे भरू नयेत, असं गूगलच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. तरीही ते शून्य भरले जातात, कारण रकाना रिकामा सोडायला हात धजत नाही.

विचारणारा तर ‘पावणेनऊचा शो आहे का’ असं विचारणार. ‘परवा’ म्हणणार, आणि तो परवा गेलेला की येणारा हे क्रियापदावरून ओळखावं लागणार. ते ओळखणं शोधयंत्राचं काम. संकेतस्थळाचं काम एवढंच, की आतल्या ओळींत काटेकोर आकडे असावेत आणि दिसणाऱ्या मजकुरात माणसांच्या तोंडचं वाक्य असावं: ‘प्रयोग शनिवारी रात्री साडेआठ वाजता, दादरच्या शिवाजी मंदिरात.’ असं सरळ, पूर्ण वाक्य यंत्राला उचलून वाचूनही दाखवता येतं. ‘शनि. रात्रौ ८.३०’ मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे फरक कळेल.

स्थळाचं प्रकरण याहून अवघड. ‘दीनानाथला आज काय आहे?’ विलेपार्ल्याचा माणूस हे नाट्यगृहाबद्दल विचारतो. पणजीत कला अकादमीच्या प्रेक्षागृहाचंही नाव दीनानाथ मंगेशकर. पुण्यात त्याच नावाचं रुग्णालय आहे. विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह वाशीत आहे आणि सांगलीतही. १८४३च्या ५ नोव्हेंबरला भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ सांगलीत झालं. आजही त्या तारखेला आपण रंगभूमी दिन पाळतो. अशा थोर नावांची आपण एकाहून अधिक गावांत नाट्यगृहं बांधली, हे चांगलंच झालं. पण मग स्थळाच्या रकान्यात नुसतं नाव टाकून भागत नाही. रस्ता, गाव, पिनकोड आणि जमलं तर अक्षांश-रेखांशही द्यावे लागतात. बोलणारा माणूस गावाचं नाव घेत नाही, कारण तो त्याच गावात उभा असतो. ते गाळलेलं गाव संकेतस्थळाने भरून ठेवलेलं हवं.

आणि मग नाटकांची नावं. ‘गेला माधव कुणीकडे’ हा मुळातच एक प्रश्न आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे बातमीसारखं किंवा प्रवासाच्या चौकशीसारखं वाक्य आहे. मराठी नाटककारांनी बोलीतून उचललेली ही नावं मला फार आवडतात, पण बोलीतला शोध इथेच अडखळू शकतो. आतल्या ओळींत हे नाव एका कलाकृतीचं आहे, हिचे लेखक हे आणि आजचा प्रयोग तिचाच, असं नोंदवता येतं. पर्यायी नावासाठीही एक रकाना आहे. प्रेक्षक ज्या अर्ध्यामुर्ध्या नावाने नाटक ओळखतात, ते तिथे लिहावं. प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र पत्ता हवा. साऱ्या दौऱ्याचं एकच लांबलचक पान माणसाला सोयीचं वाटतं, पण यंत्राला त्यातून एक प्रयोग नेमका उचलणं कठीण जातं.

मार्च २०२०मध्ये, जगभरची नाट्यगृहं बंद होत असताना, या शब्दावलीत घाईने भर पडली. कार्यक्रम ऑनलाइन हलवला आहे, तो प्रत्यक्ष आहे की आभासी की दोन्ही, हे सांगायची सोय झाली. रद्द, पुढे ढकललेला, नव्या तारखेला ठरलेला, या अवस्था आधीपासून होत्या. त्यांतला फरक बारीक आहे आणि मोलाचा आहे. प्रयोग पुढे ढकलला पण तारीख ठरली नाही, तर जुनी तारीख तशीच ठेवून फक्त अवस्था बदलायची. नवी तारीख ठरली, की जुनी वेगळ्या रकान्यात जपायची. असं पान जुनी नोंद खोडत नाही, प्रयोगाचं काय झालं ते सांगतं.

पण बदल सांगायचा कोणी आणि तो पोचणार कधी, याचं उत्तर मला कुठेच समाधानकारक मिळालं नाही. मुख्य कलाकार दुपारी आजारी पडतो, चार वाजता प्रयोग रद्द होतो. पहिली धावपळ तिकीटखिडकीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होते, आणि तेच योग्य आहे. संकेतस्थळावरची अवस्था कोणी लगेच बदललीच, तरी शोधयंत्राचा सेवक पान पुन्हा वाचायला येतो तो त्याच्या सवडीने. गूगलकडे तातडीने कळवण्याची एक वाट आहे, पण ती नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणांपुरती ठेवलेली आहे. रात्री साडेआठच्या प्रयोगाला ती खुली नाही. म्हणजे घरून निघता निघता फोनला विचारणाऱ्याला रद्द झालेला प्रयोग होणार असल्याचं सांगितलं जाऊ शकतं.

दुसरी अडचण त्याहून जुनी. मराठी नाटकाची जाहिरात आजही मुख्यतः चित्र म्हणून फिरते. सुरेख अक्षरांकन, कलाकारांचे चेहरे, खाली तारखांची पट्टी. त्या पट्टीतलं एकही अक्षर मजकूर म्हणून नोंदलेलं नसतं. जिथे मजकूर असतो, तिथेही तो कधीकधी युनिकोडपूर्व फाँटात केलेल्या कामातून उचललेला असतो. पडद्यावर नीट दिसतो, पण आत भलत्याच अक्षरांची रांग असते. शोधयंत्राच्या दृष्टीने तो प्रयोग मराठीत जाहीरच झालेला नाही.

आवाजी शोधात दिसण्याचा उपाय म्हणून प्रश्नोत्तरांची पानं करायची लाट मध्यंतरी आली होती. ऑगस्ट २०२३मध्ये गूगलने त्या पानांचं खास प्रदर्शन बहुतांशी सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरतं आवळलं. प्रश्नोत्तरं प्रेक्षकाच्या सोयीसाठी लिहिली असतील तर ती आजही उपयोगी आहेत. ज्यांनी ती नुसत्या क्रमांकासाठी लिहिली होती, त्यांचे कष्ट वाया गेले. परक्याच्या नियमांवर सगळा भरवसा ठेवण्यातला धोका हाच.

हे काम प्रत्येक निर्मात्याने वेगळं करावं, असं मला वाटत नाही. छोट्या संस्थेत जो नेपथ्याच्या ट्रकचं बघतो, तोच दौऱ्याच्या तारखाही सांभाळतो. त्याला +०५:३० तपासायला सांगणं अन्यायाचं आहे. तारखांचं वाटप नाट्यगृहात होतं. कुठल्या सत्रात कोणाचा प्रयोग, कोणती तारीख ऐनवेळी काढून घेतली, हे सगळ्यांत आधी तिथल्या वहीत उमटतं. ती वही नाट्यगृहाने स्वतःच्या संकेतस्थळावर नीट रकान्यांत, मराठीत, रोजच्या रोज उघडी ठेवली, तर पत्ता, गाव आणि वेळेची खूण एकदाच भरावी लागेल आणि तिथे होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाला ती लागू पडेल. आपली पुष्कळशी मोठी नाट्यगृहं महापालिकांची आहेत, त्यामुळे ही मागणी नाट्यसंस्थांनी आणि प्रेक्षकांनी एकत्र मिळून महापालिकेकडेच करायला हवी.