दवाखान्याची पावती फेकू नका

बियाण्याची पिशवी, लेबल आणि बिल जपा, असे मी नेहमी सांगतो. तसेच दवाखान्याचे कागदही जपा.

नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये घरचे माणूस महिनाभर पडले की औषध, जेवण, एस.टी. यांपायी उसनवारी होतेच. कर्ज फिटेनासेच झाले, तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पुढे कर्जातून सुटका मागताना, बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघतील एवढी मालमत्ता नसेल, तर त्यात आपला दोष नाही हे न्यायालयाला पटवावे लागते. तिथे नुसते तोंडी सांगणे तोकडे पडते.

म्हणून प्रत्येक पावती तारीखवार वहीत चिकटवा. पैसा कोणाकडून, किती आणला तेही लिहा. यंत्रातून निघालेल्या पावतीची अक्षरे उडतात. तिची झेरॉक्स काढा.

दुखणे सांगून येत नाही. वही मात्र आजच घालता येते.