चौलच्या ओटीवरचा फ्यूजनचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरतात आणि तेथून गाडीने चौलच्या जुन्या घरी येतात. यंदा त्यांच्या सामानात पत्त्यांचे दोन डबे होते. दुपारी वीज गेली की ओटीवर सतरंजी पडे आणि ‘यु-गि-ओ’चा डाव मांडला जाई. तिसऱ्या दिवशी दोघा चुलतभावांत असे काही जुंपले की सूर्य पोफळींच्या मागे उतरू लागला, आतून जेवणाची तिसरी हाक आली, तरी कोणी हलेना. आमच्या घरी सूर्यास्तानंतर ताट वाढले जात नाही. थोरला म्हणाला, “आजोबा, तुम्हीच सांगा, हे फ्यूजन चालते की नाही?”

पेढीवर बसून मी अनेक वाद मिटवले आहेत. गेल्या दिवाळीत माझ्या दोन मुलांनी दुकान वेगळे केले, तेव्हाच्या याद्याही माझ्याच हाताने झाल्या. पण येथे मला मुद्दाच उमजत नव्हता. तेव्हा आधी नियम समजून घेतले.

हा खेळ जपानचा. काझुकी ताकाहाशी यांची चित्रकथा 1996 साली तेथील एका साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यातला पत्त्यांचा खेळ 1999 पासून कोनामी कंपनीने बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा जोड 40 ते 60 पत्त्यांचा असतो आणि भांडवल 8000 गुणांचे. समोरच्याचे भांडवल शून्यावर आणले की डाव जिंकला. आमच्या कोकणातही पत्ते नवे नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात प्रत्येकी बारा पानांचे दहा रंग, म्हणजे 120 पाने असतात, आणि त्यांत अर्धा नर व अर्धा सिंह असा नृसिंहही आहे. परंतु तो चित्रकाराने घडवून दिलेला. या जपानी खेळात दोन-तीन पत्ते एकत्र आणून नवे रूप खेळाडूला स्वतः घडवावे लागते.

ते घडते असे. जोडलेल्या रूपांचे पत्ते मुख्य जोडात मिसळत नाहीत. त्यांचा ‘एक्स्ट्रा डेक’ निराळा असतो आणि त्यात पंधराहून अधिक पत्ते ठेवता येत नाहीत. अशा प्रत्येक पत्त्यावर त्याचे घटक लिहिलेले असतात. ते घटक हातात किंवा पटावर असले पाहिजेत आणि सोबत ‘पॉलिमरायझेशन’ हा पत्ता हवा. तो खेळला की घटकांसह तोही खर्ची पडतो आणि नवे रूप पटावर उतरते. खर्ची पडलेल्या पत्त्यांच्या जागेला मुले ‘ग्रेव्हयार्ड’ म्हणतात. दिवेलागणीला घरात स्मशानाचे नाव नको, असे आजीने बजावल्यापासून तिचे नाव ‘खर्ची गठ्ठा’ झाले. जमाखर्चाच्या दृष्टीने हेच नाव अधिक योग्य आहे.

आता वाद. ‘ब्लू-आइज अल्टिमेट ड्रॅगन’ला तीन ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ लागतात. थोरल्याकडे दोनच होते. तिसऱ्याच्या जागी त्याने ‘किंग ऑफ द स्वॅम्प’ लावला. धाकट्याचे म्हणणे, तीन लिहिले म्हणजे तीनच. मी चष्मा लावून बारीक अक्षरांतला मजकूर वाचला. नावानिशी सांगितलेल्या कोणत्याही एका घटकाच्या जागी हा पत्ता चालतो, मात्र उरलेले घटक अस्सल हवेत, असे त्यावर स्पष्ट छापले होते. एक बदली चालेल, दोन चालणार नाहीत. मी निकाल थोरल्याच्या बाजूने दिला. धाकट्याने तो ऐकला, पण उठला नाही.

त्याची खरी तक्रार दुसरीच होती. “चार पत्ते घालवून एकच मिळतो. हा तर तोटा!” मला त्याचे कौतुक वाटले. साध्या ड्रॅगनची ताकद 3000. तिघे पटावर उभे असतील तर एका फेरीत 9000चा मारा होतो. एकत्र केल्यावर तो उरतो अवघा 4500. शिवाय समोरच्याने ‘मिरर फोर्स’सारखा एक सापळा लावलेला असला की चारही पत्त्यांचे मोल एका फटक्यात जाते. तरी मुले फ्यूजन का करतात? कारण हे ड्रॅगन बहुधा पटावर नसतात, हातात अडकलेले असतात. नेहमीच्या रीतीने एक ड्रॅगन उतरवायचा तर पटावरचे आधीचे दोन मॉन्स्टर सोडावे लागतात, आणि तशी उतरणी एका फेरीत एकदाच. म्हणजे हातातले ड्रॅगन वखारीत पडून राहिलेला माल. फ्यूजनला ही अट नाही. पडून असलेल्या मालाचे 4500 आले तर तो तोटा म्हणता येत नाही. चालत्या मालावर मात्र हा व्यवहार करू नये.

“आणि जोडलेले परत वेगळे करता येते?” मी विचारले. विचारल्यावर माझे मलाच कसेसे झाले. थोरल्याने हातातला शेवटचा पत्ता दाखवला: ‘डी-फ्यूजन’. जोडलेले रूप एक्स्ट्रा डेकमध्ये परत जाते आणि त्याचे घटक पटावर येतात. मात्र वापरलेला प्रत्येक घटक खर्ची गठ्ठ्यात हजर असला पाहिजे. एकही मधल्या काळात दुसरीकडे गेला असेल तर कोणीच परत येत नाही. आणि जो वापरला तोच येतो. बदली दिला असेल तर बदलीच. वाटणीच्या वेळी मी केलेल्या याद्यांत इतकी सोपी अट नव्हती.

मग त्याने तो डाव पुरा केला. जोडलेल्या ड्रॅगनने 4500चा घाव घातला. धाकट्यापुढे आडवा एकही पत्ता नव्हता. त्याच फेरीत, लढाई चालू असतानाच, थोरल्याने डी-फ्यूजन खेळला. दोन्ही ड्रॅगन आणि दलदलीचा राजा पटावर उतरले, आणि नुकते आलेले असल्याने त्यांचा वार अजून बाकी होता. 4500 अधिक 3000 अधिक 3000. धाकट्याने बोटांवर दोनदा बेरीज केली, आपले पत्ते डब्यात भरले आणि पाटावर जाऊन बसला. थोरल्याचे ताट त्यानेच ओढून शेजारी घेतले.